बहिणीची इंजिनिअरिंगची फी, आईचं विडी कार्ड आणि हातातले पाच दिवस

सोलापुरातल्या एका तरुणाने प्रश्न विचारलाय. आधी तो थोडक्यात सांगते. वय चोवीस, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला. वडील यंत्रमागावर होते, तीन वर्षांपूर्वी वारले. आई घरी विड्या वळते. धाकटा भाऊ नववीत. मधली बहीण बारावी सायन्स झाली, सीईटी चांगली गेली आणि कॅपच्या (शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) फेरीत शहरातल्याच एका खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात एसबीसीतून (विशेष मागास प्रवर्गातून) जागा लागली. कॉलेजने एक लाख बारा हजारांचा आकडा सांगितलाय आणि प्रवेश पक्का करायला पाच दिवस उरलेत. जात पडताळणीचं प्रमाणपत्र हातात नाही, फक्त अर्जाची पावती आहे. सायबर कॅफेवाला म्हणतोय, "स्कॉलरशिपचं सगळं मी बघतो, तीन हजार द्या." आणि शेवटी विचारलंय, "कोणकोणत्या स्कॉलरशिप मिळतील त्याची यादी द्या. नाहीतर आईच्या पाटल्या ठेवायच्या का, तेवढं सांगा."

भाऊ, पाटल्यांना आत्ता हात लावू नका. का ते सांगते.

मी सोलापुरातच एका कॉलेजात शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसते, एकवीस वर्षं झाली. आधी कागदी फॉर्मांचे गठ्ठे बांधून समाजकल्याणला पोचवायचो, आता महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्जांची छाननी करतो. या टेबलासमोर जो येतो तो यादीच मागतो. पण पैसे मिळाले नाहीत म्हणून जी मुलं रडत आली, त्यातल्या बहुतेकांना योजना माहीत होती. त्यांचं अडलं होतं ते एका दाखल्यावर, नावातल्या एका अक्षरावर किंवा भलत्याच बँकेतल्या खात्यावर. म्हणून यादी थोडी मागे ठेवू. तुमच्या घरापुरते प्रश्न तीनच आहेत: आज खरोखर किती पैसे भरायचे, सरकारी फी माफी टिकवण्यासाठी कोणता कागद कमी आहे, आणि कॉलेज सुरू झाल्यावर बसभाडं-वह्या-लॅपटॉपचं काय.

पहिला प्रश्न फीचा. एक लाख बारा हजार ही एक रक्कम नसते. कॉलेजकडून फीची फोड लेखी मागा. प्रत्येक खासगी व्यावसायिक कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि त्यात शिक्षण शुल्क वेगळं, विकास शुल्क वेगळं असतं. त्यावर विद्यापीठाची, ग्रंथालयाची, ओळखपत्राची, अनामत अशी किरकोळ रक्कम येते. सरकार जी माफी देतं ती शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची. विकास शुल्क आणि बाकीचं आपल्याला भरावं लागतं असं धरून चाला. म्हणजे समजा एक लाख बारापैकी ब्याण्णव हजार शिक्षण शुल्क असेल, तर तुमच्या घरातून जाणारी रक्कम वीस हजारांच्या आसपास येते. हे आकडे मी समजावण्यापुरते धरलेत. तुमच्या कॉलेजची फोड हातात आली की खरे आकडे कळतील. पण लाखाची झोप उडवणारी रक्कम आणि वीस हजार यात किती फरक आहे ते बघा.

व्हीजेएनटी (विमुक्त जाती, भटक्या जमाती) आणि एसबीसीच्या मुलामुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शंभर टक्के मिळतं. ओबीसींना ते पन्नास टक्के होतं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी यांच्यातल्या मुलींनाही शंभर टक्के केलं, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. बहुतेक लोक हा निर्णय "मुलींचं शिक्षण फुकट" एवढाच लक्षात ठेवतात. त्यातली अट विसरतात ती अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर भरलेल्या जागेवर गेलात की ही सवलत गेली. दरवर्षी एखादं तरी कुटुंब कॅपमधली जागा सोडून "आवडत्या ब्रँच"साठी संस्थास्तरावर जातं आणि मग माझ्याकडे येऊन विचारतं की माफी का नाही. तेव्हा माझ्याकडे काहीच उरत नाही. तुमच्या बहिणीची जागा कॅपमधली आहे, ती घट्ट धरा. उद्या कोणी "सिव्हिल सोडून कॉम्प्युटर देतो, संस्थेच्या कोट्यातून या" म्हणालं, तर हो म्हणण्याआधी चार वर्षांच्या फीचा गुणाकार करून बघा.

आता कॉलेज "आधी सगळी भरा, पैसे आले की परत देऊ" म्हणतंय, त्याचं काय करायचं? कॉलेजचीही अडचण असते. सरकारकडून येणारी रक्कम हप्त्यांत येते, उशिरा येते आणि तोवर त्यांना पगार द्यायचे असतात. तरी पात्र विद्यार्थ्याकडून माफीची रक्कम आगाऊ घ्यायची नाही, असंच शासनाचं म्हणणं आहे. तुम्ही भांडायला जाऊ नका, कागद घेऊन जा. अलॉटमेंट लेटरवर प्रवर्ग छापलेला असतो. ते, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला (आला नसेल तर त्याच्या अर्जाची पावती), नॉन क्रिमिलेअर आणि पडताळणी अर्जाची पावती असे पाच कागद एका फाइलला लावून प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज द्या: मी अमुक प्रवर्गातून कॅपद्वारे प्रवेश घेत आहे, शिक्षण शुल्क प्रतिपूर्तीस पात्र आहे, उर्वरित शुल्क आज भरत आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. कॉलेज हमीपत्र मागेल की योजना मंजूर झाली नाही तर फी भरू. ते द्यायला हरकत नाही, पण वाचून सही करा. आणि एक रुपयाही पावतीशिवाय देऊ नका.

कितपत ऐकतील ते कॉलेजवर अवलंबून आहे, हे मी लपवत नाही. काही ठिकाणी लगेच मान्य करतात, काही ठिकाणी दोन-तीन हप्ते पाडून देतात. जिथे टेबलावरचा माणूस "नाही" म्हणतो, तिथे बहुतेक वेळा प्राचार्य "बघू" म्हणतात, म्हणून टेबलावरून परत फिरू नका.

यापुढचं जरा लांबेल, कारण तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात काळजीची ओळ फीची नव्हती. ती होती, "व्हॅलिडिटीची फक्त पावती आहे." व्हॅलिडिटी म्हणजे तेच जात पडताळणीचं प्रमाणपत्र.

एसबीसीतून मिळालेली जागा आणि शंभर टक्के फी माफी, दोन्ही त्या एका प्रमाणपत्रावर उभ्या आहेत. पावतीवर प्रवेश तात्पुरता होतो, मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही तर राखीव जागेवरचा हक्क जातो. आणि सोलापुरातल्या विणकर घरांचं इथेच अडतं. आपल्याकडे पूर्व भागातली किती तरी पद्मशाली घरं तीन-चार पिढ्यांपूर्वी तेलंगणातून गिरण्यांत आणि मागांवर कामाला आली. जात पडताळणी समिती विचारते की १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा जातीचा आणि महाराष्ट्रातल्या वास्तव्याचा पुरावा दाखवा. ही तारीख ओबीसी आणि एसबीसीसाठी आहे, व्हीजेएनटीसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. १९६७ च्या आधीचा पुरावा म्हणजे वडिलांचा नव्हे, आजोबांचा किंवा चुलत आजोबांचा. आणि तो घरातल्या कपाटात नसतो.

तो कुठे सापडतो ते सांगते, कारण मी मुलांबरोबर हे शोधलंय. पहिली जागा म्हणजे आजोबा ज्या प्राथमिक शाळेत गेले ती शाळा. पालिकेची असो, खासगी असो, तेलुगू माध्यमाची असो, तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा मागायचा. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचंही नाव त्यात असतं आणि नावापुढे जात असते. दुसरी जागा महापालिकेचा जन्म-मृत्यू विभाग. आजोबांचा जन्म सापडला नाही तरी वडिलांच्या एखाद्या थोरल्या भावंडाची जन्मनोंद सापडते. तिसरी जागा गिरणी. आपल्या शहरातली जुनी गिरणी १८७७ ची. आजोबा, पणजोबा गिरणीत असतील तर हजेरीकार्ड, सर्व्हिस बुक, फंडाचा कागद असं काहीतरी पेटीत, फोटोच्या फ्रेममागे, पोथीत सापडतं. त्यावर जात नसली तरी त्या वर्षी माणूस सोलापुरात होता हे सिद्ध होतं. आणि चौथी गोष्ट सगळ्यात सोपी, तीच लोक शेवटी करतात: वडिलांकडच्या नात्यात, म्हणजे सख्खे काका, चुलत काका, आत्या यांच्यापैकी कोणाला व्हॅलिडिटी आधीच मिळाली असेल, तर ते प्रमाणपत्र आणि वंशावळ लावा. समिती त्याला वजन देते. आईकडच्या नात्याचं इथे चालत नाही.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी आली होती. आजोबांच्या शाळेच्या उताऱ्यात नाव "बालय्या", वडिलांच्या दाखल्यात मधलं नाव "बाल्लया", जातीच्या दाखल्यात तिसरंच. तेलुगू नाव मराठी शाळेतल्या गुरुजींनी कानाला आलं तसं लिहिलेलं. समितीने त्रुटी काढली. आम्ही एकाच प्रतिज्ञापत्रात तिन्ही नावं लिहिली, ही तिन्ही एकाच व्यक्तीची आहेत असं म्हटलं आणि आजोबांच्या भावाचा उतारा जोडला. महिना गेला, पण मिळालं. तुमच्या फाइलमध्ये असे फरक आहेत का ते आज रात्री बसून बघा. समितीने सांगायची वाट पाहू नका. आणि हो, जात, उत्पन्न, वास्तव्य अशा दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टँप पेपर लागत नाही, साध्या कागदावर चालतं. पाचशेचा स्टँप आणा असं कोणी म्हणालं तर नम्रपणे विचारा, कोणत्या नियमाने.

उत्पन्नाच्या दाखल्याचं थोडक्यात. घर शहरात असेल तर उत्तर सोलापूर तहसील, कुंभारीच्या घरकुलांत असेल तर दक्षिण सोलापूर. आपले सरकारवरून किंवा सेतूतून अर्ज करा. लोकसेवा हक्क कायद्याखाली पंधरा दिवसांची मुदत आहे, पण प्रवेशाच्या दिवसांत रांग वाढते, म्हणून उद्याच टाका. वडिलांचा मृत्यू दाखला सोबत लावा, म्हणजे उत्पन्न आईचं धरलं जाईल. मागाच्या किंवा विडीच्या मजुरीला पगारपत्रक नसतं, स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याच्या चौकशीवर दाखला मिळतो. त्यात आकडा खरा लिहा आणि सगळीकडे तोच लिहा. एका अर्जात छत्तीस हजार, दुसऱ्यात एक लाख वीस असं झालं की दोन्ही अर्ज संशयात येतात. फी माफीची मर्यादा आठ लाख आहे. तुमच्या घरात खोटं लिहायची काही गरजच नाही.

आता खातं. बँकेत आधार दिलंय म्हणजे झालं, असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. बँकेने केवायसीसाठी आधार घेणं वेगळं आणि सरकारी पैसे कोणत्या खात्यात पाठवायचे याची एनपीसीआयकडे (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे) नोंद असणं वेगळं. एका आधारवर अशी नोंद एकाच बँकेची असते, शेवटची जी झाली ती. आमच्याकडच्या एका मुलीचा अर्ज मंजूर, पोर्टलवर रक्कम जमा दिसते आणि तिच्या राष्ट्रीयीकृत बँकेच्या पासबुकात काहीच नाही. तीन महिने ती आणि तिची आई बँकेच्या पायऱ्या झिजवत होत्या. शेवटी तिला आठवलं की नवं सिम घेताना दुकानदाराने अंगठा घेतला होता. त्याने त्याच वेळी पेमेंट्स बँकेचं खातं उघडलं होतं आणि आधारची नोंद तिकडे वळली होती. पैसे तिथेच पडून होते. तुमच्या बहिणीला बँकेत न्या आणि "डीबीटीसाठी आधार सीडिंग याच खात्यावर आहे का" एवढंच विचारायला सांगा. नसेल तर तिथेच फॉर्म असतो. आधारला मोबाइल नंबर तिचा किंवा तुमचा असू द्या आणि चार वर्षं तो नंबर बंद पडू देऊ नका.

कॅफेवाल्याचा मुद्दा इथेच येतो. फॉर्म भरून घ्यायला शंभर-दोनशे दिले तर त्याची मेहनत आहे, मी वाईट म्हणत नाही. पण तीन हजार घेऊन "सगळं बघणारा" काय करतो, तर स्वतःच्या मोबाइलने नोंदणी करतो आणि लॉगिन स्वतःकडे ठेवतो. दुसऱ्या वर्षी रिन्यूअलच्या वेळी ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तो दुकान बंद करून गावी गेलेला असतो. महाडीबीटीचा फॉर्म तुमची बहीण स्वतः भरू शकते. सीईटीचा भरलाय तिने, त्याहून हा अवघड नाही. अडलं तर कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारा, तेच आमचं काम आहे, त्याचे पैसे लागत नाहीत.

फॉर्म भरला की काम संपत नाही. तो आधी कॉलेजच्या क्लार्ककडे जातो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या कार्यालयाकडे. कुठेही कागद अस्पष्ट दिसला की "सेंड बॅक" होतो. मेसेज येतोच असं नाही. मी मुलांना सांगते, दर सोमवारी लॉगिन करून स्थिती बघायची, पाच मिनिटांचं काम. परत आलेला फॉर्म मुदतीत दुरुस्त करून पाठवला नाही तर त्या वर्षाची माफी गेली आणि मग हमीपत्राप्रमाणे कॉलेज पूर्ण फी मागतं. माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडालेले मी पाहिलेत. पूर्ण पात्र मुलं, फक्त फॉर्म परत आलाय हे कळलंच नाही. स्कॅन करताना दाखल्याच्या चारही कडा, बारकोड आणि सही दिसली पाहिजे. मोबाइलवर अंधारात काढलेला फोटो लावू नका.

आता यादी, तुमच्या घरापुरती.

आईचं विडी कार्ड, म्हणजे विडी कामगाराचं ओळखपत्र, आहे का? विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज होतो. इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक पदवीला वर्षाला पंचवीस हजार, नववी-दहावीला दोन हजार. इथे एक विचार करा. सरकारी फॉर्मवर "मी दुसरी कोणतीही शिष्यवृत्ती घेत नाही" अशी घोषणा असते आणि त्यावर सही करून दोन्हीकडचे पैसे घेतले तर वसुली निघते. बहिणीला महाडीबीटीवरची फी प्रतिपूर्ती जास्त रकमेची आहे, तिला तीच घेऊ द्या. विडी कार्डवरचा अर्ज नववीतल्या भावासाठी भरा. दोन हजार म्हणजे मोठी रक्कम नाही, पण वर्षभराच्या वह्या-पुस्तकांचं होतं. शिवाय पोर्टलवर त्याचं नाव, आधार, खातं आत्ताच जुळून राहतं. तो बारावीला पोचेल तेव्हा तुमच्यासारखी धावपळ होणार नाही. आईचं कार्ड नूतनीकरण केलेलं आहे का, त्यावरचं नाव आधारसारखंच आहे का, तेही बघून घ्या.

हाच हिशेब एआयसीटीईच्या (केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या) प्रगती शिष्यवृत्तीला लागू आहे. तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या मुलींना वर्षाला पन्नास हजार, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, पहिल्या वर्षाला किंवा थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुली, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. संख्या मर्यादित आहे, निवड गुणांवर होते. बारावीला ऐंशी पर्सेंटाइलच्या वर असणाऱ्यांसाठी केंद्राची आणखी एक आहे, पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना वार्षिक बारा हजार, उत्पन्न मर्यादा साडेचार लाख. पण तीत राज्याची शिष्यवृत्ती किंवा फी माफी घेणारा चालत नाही असं स्पष्ट लिहिलंय. बारा हजारांसाठी ब्याण्णव हजारांची माफी सोडणारी मुलं मी पाहिली आहेत, कोणीतरी "केंद्राची मोठी असते" सांगितलं म्हणून. तुमच्या बहिणीने त्या वाटेला जाऊ नये.

वसतिगृहाचा आणि निर्वाहाचा विषय तुम्हाला लागत नाही, कारण ती घरूनच जाणार आहे. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीच्या मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, अनुसूचित जातींसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयं, या घर सोडून दुसऱ्या शहरात शिकणाऱ्या आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी आहेत. अक्कलकोट, बार्शी, सांगोल्याहून सोलापुरात शिकायला येणाऱ्यांनी या जरूर बघाव्यात. खुल्या प्रवर्गातल्या मुलांना आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत निम्मं शिक्षण शुल्क मिळतं, एका कुटुंबातल्या दोन अपत्यांना.

अनुसूचित जातीच्या घरांना एक वेगळं सांगायचं आहे. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातला फीचा भाग सात दिवसांत कॉलेजला भरायचा असतो. खात्यात चाळीस हजार दिसले की घरात गरज उभी राहते, ते मी समजू शकते. एका मुलाच्या वडिलांनी त्या पैशात बहिणीच्या लग्नाचं देणं फेडलं. शेवटच्या वर्षी मुलाची कागदपत्रं फीसाठी अडली आणि कॅम्पसमधून लागलेली नोकरी रुजू होण्याआधीच हातची गेली. तो पैसा आपल्या खात्यात आला तरी कॉलेजचा आहे.

आता पाटल्या. तुम्हाला आज पंधरा-वीस हजार लागतील आणि पहिल्या दोन महिन्यांत पुस्तकं, ड्रॉइंगचं साहित्य, बसपास यांना आणखी काही. आधी कॉलेजकडे उरलेल्या रकमेचे हप्ते मागा. मग कारखान्यात मालकाकडून उचल मिळते का बघा, आपल्याकडे ती रीत आहे, फक्त किती आठवड्यांत कापणार ते ठरवून घ्या. लॅपटॉप पहिल्या सत्रात घेऊच नका, कॉलेजच्या लॅबवर भागतं. एवढं करूनही कमी पडलं तर शैक्षणिक कर्जाचा अर्ज राष्ट्रीयीकृत बँकेत करा. चार लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कॉलेजला नॅक किंवा अभ्यासक्रमाला एनबीए मानांकन असेल, तर शिक्षण चालू असताना आणि पुढचं एक वर्ष व्याज केंद्र सरकार भरतं. दाखला बँकेमार्फत वेळेत द्यावा लागतो. पण हे कर्ज पाच दिवसांत होत नाही आणि छोट्या रकमेला शाखा फारशी उत्सुक नसते, हेही खरं. अगदी शेवटी पाटल्या ठेवायचीच वेळ आली तर बँकेतच ठेवा, पावती घ्या. आठवड्याच्या व्याजाने पैसे देणाऱ्याकडे जाऊ नका. आपल्या पूर्व भागात त्या व्याजाने किती माग विकले गेले ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल.

पाच दिवस असे लावा. उद्या सकाळी उत्पन्नाचा अर्ज आणि कॉलेजकडून फीची लेखी फोड. दुपारी बहिणीला घेऊन बँक. परवा प्राचार्यांना अर्ज आणि शिक्का. तिसऱ्या दिवशी पडताळणी समितीच्या कार्यालयात फाइल कुठे आहे, त्रुटी आहे का, हे स्वतः जाऊन विचारणं. सोबत प्रवेशाचं पत्र न्या, शिक्षणाच्या प्रकरणांना ते प्राधान्य देतात. चौथा दिवस शाळेच्या उताऱ्यासाठी राखून ठेवा, कारण शाळेतला क्लार्क पहिल्या दिवशी भेटत नाही. पाचव्या दिवशी उरलेलं शुल्क भरून प्रवेश पक्का. महाडीबीटीचा अर्ज त्यानंतर, पोर्टल सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात.

आणि हे काम आज रात्रीचं. वडिलांकडच्या आजी असतील, नाहीतर थोरल्या आत्या, त्यांच्यापाशी बसा. आजोबा कोणत्या शाळेत जायचे, कोणत्या गिरणीत किंवा कोणाच्या मागावर होते, घर तेव्हा कुठे होतं, त्यांचे भाऊ किती आणि त्यांची मुलं आता कुठे राहतात, हे तेलुगूत विचारा, निवांत विचारा आणि वहीत लिहून घ्या. म्हाताऱ्या माणसांना साल आठवत नाही, पण "थोरला पोरगा झाला तेव्हा मालक रात्रपाळीला होते" एवढं आठवतं. तेवढ्यावरून जन्मनोंदीचं रजिस्टर कोणत्या वर्षाचं उघडायचं ते कळतं. जे सापडेल ते इथे लिहा, नाव-गाव झाकून. कोणता कागद समितीपुढे टिकेल आणि कोणता नाही, ते मी बघून सांगते.